खांडेनवमीचं तेल

माह्या जावेचं नाव प्रतिभा. लहान जाऊ, अन् हट्टी म्हणजे अशी हट्टी का बाप्पा! एकोणनव्वद साली सौंसरच्या मुलींच्या शाळेत संस्थेनं एक कॉम्प्युटर आणून ठेवला अन् तो शिकवाले हिले घेतलं. आमचे सासरे केशवराव, त्यांना आम्ही मामाजी म्हणतो, ते म्हणाले, "वर्ग चालते तोवर जा. बंद पडला का घरी. मग दुसरी नोकरी शोधाची नाही." हिनं मान डोलावली. मले तेव्हाच वाटलं, कशाले कबूल करून राहिली ही? पण तिले जायचंच होतं न!

त्या कॉम्प्युटरले एक माऊस होता. त्याच्या पोटात रबरी गोळी, ती टेबलावर घासली का पडद्यावरचा बाण पळे. शाळाभरच्या पोरी त्याच्यानं चित्रं काढत, तं टिकणार कसा तो? खालचे पाय झिजले, हिनं मखमली टिकल्या चिकटवल्या. माह्या पाकिटातल्या, न इचारता! बटण दाबलं का वर येईना, तं पेनातली स्प्रिंग कापून घातली. मग गोळीजवळचे दोन बारीक रूळ गुळगुळीत झाले. गोळी फिरे, बाण जागचा हलेना. मामाजींनी सायकलसाठी आणलेली वालट्यूब हिनं उचलली अन् त्या रबरी नळीचे तुकडे रुळांवर चढवले. "अव बाई, चाललं!" म्हणत घरी येऊन माह्या गळ्यातच पडली. नवा माऊस मागून मागून थकली होती बिचारी. संस्थेचं एकच उत्तर, येईल.

दसऱ्यानंतर संस्थेचे साहेब छिंदवाड्याहून वर्ग पाहाले येणार होते. नीट चालला तं कॉम्प्युटर इथंच राहणार, नाही तं तिकडच्या शाळेत जाणार.

खांडेनवमीले आमच्या घरी विळा, कुऱ्हाड, तराजू, शिवणयंत्र, सगळं पाटावर मांडून पुजतो. जे फिरते त्याले तेलाचं बोट लावतो. हिनं पिशवीतून माऊस काढला.

"हे काय आणलं वं?" मी म्हटलं.

"याच्यावरच तं माह्यं सगळं चालू आहे, बाई. यालेच कुंकू नाही लावाचं?"

पाटावर उताणा ठेवला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं अन् गोळीले तेलाचं बोट लावलं. चांगलं भरभरून. मग डोळे मिटून हात जोडले. मामाजींनीही अक्षता टाकल्या. शिवणयंत्राले तेल घालतो तसंच हे, कोणाच्या मनात काही आलंच नाही.

दसऱ्याची सुट्टी संपून शाळा उघडली त्याच दिवशी साहेब आले. मी तिचा डबा द्याले शाळेत गेली होती, दारातूनच पाहून राहिली. एका पोरीनं माऊस फिरवला, बाण ढिम्म. गोळी नुसती घसरून राहिली होती. प्रतिभानं ती काढून पदरानं पुसली. आत पाहते तं वालट्यूब तेलानं फुगून ढिली झालेली अन् कुंकवाचा लाल चिखल. गोळी हातात धरूनच ती उठली.

"साहेब, घरी दुसरी नळी आहे, आत्ता आणते."

साहेब वाईट नव्हते हो, तेच तं दुखते! मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, टिकल्या अन् सायकलच्या नळीवर किती दिवस वर्ग चालवणार? तिकडं नवा माऊस आणून ठेवला आहे."

तिकडं आणला! इथं मागून मागून जीभ झिजली तं नाही आणला. दुपारी कॉम्प्युटर जीपमध्ये चढला. वायर लोंबत होती, ती हिनंच गुंडाळून दिली.

मले असा राग आला का सांगू नका. पण काढू कोणावर? मामाजी रागावले असते तं भांडली तरी असती. ते तं मायेनं म्हणाले, "सूनबाई, चाल, सुटली दगदग." ही म्हणे, "हो, मामाजी." अन् ज्या देवाच्या नावानं तेल लावलं त्याले काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा घरापर्यंत ऐकू आली. प्रतिभा परात घेऊन तुरीची दाळ निवडत होती. हात थांबले नाही तिचे.

"लय खडे आहेत वं बाई आज," खाली पाहतच म्हणाली.

ती दाळ मी सकाळीच निवडून ठेवली होती. माह्याच्यानं सांगवलं नाही.