मामांचं तिकीट

माझ्या थोरल्या मामेसासऱ्यांना न्यायला साक्षात यमराज आला, तरी ते आधी त्याचं तिकीट फाडतील आणि रेड्याचं लगेज वेगळं लावतील, अशी आमच्या घरात सगळ्यांची खात्री होती. मामा बोईसर-दांडी एसटीवर जन्मभर कंडक्टर. त्यांचं लग्न मनोरला लागलं, वरात एसटीनंच परतली. कंडक्टर जेवून सुस्तावला म्हणून नवरदेवानंच तिकिटांची पेटी हातात घेतली! मामी अजून सांगतात, "अंगाची हळद निघाली नव्हती, आणि हे बाशिंग बांधून मला विचारतात, कुठं जायचं? म्हटलं, न्याल तिकडं. तर म्हणतात, टप्पा सांगा!"

दांडीच्या बायका सुट्ट्या पैशांऐवजी बोंबील पुढं करायच्या. मामांच्या तोंडाला पाणी सुटायचं, पण घेतील तर शपथ. "पोर चार वर्सांचा हाय," असं कुणी म्हणालं, की ते पोराला बेचा पाढा विचारत. गधडं हुशारी दाखवायला पाढा घडाघडा म्हणून टाकी, की फाडलंच अर्धं तिकीट. घरी पंगत बसली तरी ह्यांचं आपलं "पुढे सरका, पुढे जागा आहे."

मामा निवृत्त झाल्यावर मी आणि ते दांडीला एका साखरपुड्याला निघालो. मी माझं तिकीट काढलं. मामांकडे पास असेल असं मला वाटलं. मामा दाराशी उभे राहून "तिकीट घेतलं का?" म्हणून साऱ्या गाडीला दटावत होते. नवा कंडक्टर बिचारा गालात हसत होता.

तारापूरच्या अलीकडे तपासणीवाले चढले. मामांनी खिसे चाचपले आणि त्यांचा चेहराच उतरला. अहो, स्वतःचंही तिकीट काढायचं असतं, हे त्या माणसाला ठाऊकच नव्हतं!

"राहू द्या मामा," तपासनीस ओशाळून म्हणाले. "तुमच्या गाडीत मला कधी एक फुकट्या सापडला नाही."

पाटीवाली एक मावशी ओरडली, "बाबाचा तिकीट माज्याकडं हाय!"

"खोटं बोलू नको, बाय," मामा म्हणाले. "साहेब, मी विनातिकीट आहे. दंड लिहा."

ज्या गाडीत उभा जन्म इमानानं काढला, तिथंच ही पाळी!

मामांनी दंड भरला. कंडक्टरनं तिकीट फाडलं, तसा मामांनी हात पुढं केला. "पंच मी मारू?"

त्यानं पंच दिला. भोक नेमकं जागेवर पडलं. मग तो पंच त्यांनी सदऱ्याच्या टोकानं पुसला, दोन्ही हातांनी परत केला, आणि माझ्या शेजारी येऊन उतारूसारखे खाली बसले.