गडग्याचे न टिपलेले तास

देवरूखात माझा लग्नाचे व्हिडिओ करायचा स्टुडिओ आहे, आणि एक खोड मला पहिल्यापासून आहे. चित्रात धक्का दिसला की माझं डोकं फिरतं. नवरी उंबरठ्यावर अडखळली तरी ते अडखळणं मी पुसून टाकतो, आणि लोक खूश होतात. या खोडीपायी मागच्या पावसाळ्यात मी काय करून बसलो, ते आज सांगतो.

काका-काकींचं घर देवरूखपासून तासाभरावर, अगदी डोंगराच्या पायथ्याशी. घरामागे जांभ्या दगडाचा उंच गडगा, म्हणजे रचलेली भिंत, आणि वरची सगळी माती त्या गडग्यानंच अडवून धरलेली. जुलैत त्या मातीला दहा-बारा पावलं लांब भेग पडली. तालुक्याहून माणसं येऊन बघून गेली. म्हणाली, पाऊस सरेपर्यंत सगळ्या वाडीनं खालच्या बंद शाळेत राहायला जा. काका हटून बसले.

"गडगा माज्या बापानं घातलाय. तो हलला तर मी हलेन."

"मग हलतो का ते बघूच," मी म्हटलं. गोठ्याच्या खिडकीत जुना कॅमेरा लावला. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत दर दहा मिनिटांनी एक फोटो. महिन्याभराचे फोटो एकामागोमाग लावले की दीडेक मिनिटाची फिल्म होते, आणि एरवी डोळ्याला न दिसणारी हालचाल दिसते. काकांना ते पटलं. "कॅमेऱ्याची काळजी करू नको, मी हाय," म्हणाले.

महिन्यानं कार्ड आणून फिल्म लावली, तर मध्ये मध्ये धक्के. ढग एकदम उडी मारत होते, आणि एकदोनदा गडगाही दचकल्यासारखा वाटला. मला वाटलं, वीज गेली असेल, काही फोटो निघाले नसतील. फोटोंच्या वेळा तपासायला हव्या होत्या, पण एवढा धीर कुणाला! सॉफ्टवेअरला सांगितलं, मधल्या जागा भर. त्यानं अलीकडच्या-पलीकडच्या फोटोंवरून मधले फोटो स्वतःच बनवले आणि सगळं एकसारखं करून दिलं. वा! लोण्यासारखी मऊ फिल्म झाली. ढग वाहतायत, गवत वाढतंय, गडगा आपला शांत. मी ती काकांना पाठवली.

"बगलास?" लगेच त्यांचा फोन. "हलला काय तरी?"

मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, अभिमानच वाटला.

पुढच्या आठवड्यात पाऊस लागून राहिला. एका सकाळी काकींना फोन केला आणि सहज विचारलं, कॅमेरा ठीक आहे ना?

"आत हाय रे. पाऊस मोठा लागला की हे बंद करून उचलून आणतात, पंच्यात गुंडाळून. उघडला की परत त्याच जागी ठेवतात. खडूची खूण करून ठेवलीय."

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापासनं. एवढी महागाची वस्तू! वाळत टाकलेली मिरची आपण आत घेतो, मग ह्यो नको?"

फोन ठेवला आणि फोटोंच्या वेळा काढल्या. दोन तास गायब. पाच तास गायब. एकदा तर अख्खा दिवस. पाऊस कोसळला त्या वेळचा एकही फोटो नव्हता. सॉफ्टवेअरनं बनवलेले सगळे फोटो मी काढून टाकले आणि जितका वेळ हरवला होता तितके कोरे काळे फोटो तिथं घातले. मग फिल्म पुन्हा लावली. गडगा. काळं. गडगा, मधोमध जरासं पोट आलेला. काळं. पोट आणखी पुढं. फोटोंत तो सूतभरही हलत नव्हता. जे काय व्हायचं ते काळ्यात होत होतं. आणि ते धक्के मी महिनाभरावर असे पसरून टाकले होते की कुणाच्या नजरेतच येऊ नयेत. माझी मलाच शिसारी आली.

तसाच गाडीला किक मारून निघालो. काकांनी पडवीत बसून फिल्म दोनदा बघितली.

"ह्यो काळोख कसला?"

"तुम्ही कॅमेरा आत आणला होता, तेव्हाचा."

ते उठून मागच्या दाराशी गेले, गडग्याकडे बघितलं आणि खुंटीवरची छत्री काढली. काकी तोवर गाठोडं बांधायला लागल्या होत्या. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. "रडतोस कसला मेल्या, गाय सोड जा," त्या ओरडल्या.

वाडीतल्या पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरताना मी विचारलं, "बाकीचे शाळेत पोचले असतील ना?"

काका थांबले. "कोण नाय तिकडं. तुजी फिल्म मी वाडीच्या ग्रुपवर टाकली हुती. जे गेलते ते पण घरी आले."

नवी फिल्म पाठवायला गेलो, तर पावसात रेंज गेलेली. दोघांना गाईबरोबर पुढं धाडलं आणि मी पहिल्याच घराची कडी वाजवली. काकांच्या वयाचे शेजारी दारात आले, मला बघून तोंडभर हसले.

"अरे तू! ये, ये. फिल्म झकास काढलीस हां."

"ती खोटी आहे, भाऊ. मीच तशी केली. आत्ताच्या आत्ता निघा."

त्यांना वाटलं, मी थट्टा करतोय. मी फोन त्यांच्यासमोर धरला. गडगा दिसला, मग काळं, मग पुन्हा गडगा, पुन्हा काळं. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं आणि मान हलवली.

"ही बिघडलीय रे," ते म्हणाले. "पयलीच चांगली हाय." आणि आत वळून त्यांनी चहात एक कप पाणी जास्त टाकायला सांगितलं.