बंदुकीच्या बदल्यात शाल

भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये वरात आली की कुणीतरी हवेत गोळी झाडायचाच. चंबळकडच्या पाहुण्यांना त्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नसे. अशाच एका वरातीत छर्रे उडाले आणि आमच्या शेजारच्या काकूंच्या उजव्या खांद्यात घुसले. काकू वाचल्या, पण तो हात पुन्हा वर उचलला गेला नाही. तेव्हापासून त्या भर उन्हाळ्यातही खांद्यावरून शाल घेत.

मग सरकारला जाग आली. वस्तीनेच हे प्रकार थांबवावेत म्हणून आमच्या रहिवासी समितीला अनुदान मिळालं. बाबा समितीत होते. फलक लावा, भाषणं ठेवा, असं वरून सांगितलं होतं. फलक वाचून कोण बंदूक खाली ठेवणार? काकूंनी डोकं लढवलं. हॉलच्या दारात लोखंडी कपाट ठेवायचं, आणि जो आपली बंदूक त्यात ठेवील त्याला शाल-नारळ देऊन मान द्यायचा. अनुदानातून कपाट आलं, शाली आल्या. त्या वर्षी आमच्याकडे एकही गोळी उडाली नाही.

पण पाहुणे ते पाहुणे! शालीची कीर्ती पसरली आणि घरात धूळ खात पडलेल्या बंदुका झाडूनपुसून लग्नाला येऊ लागल्या. तपासणीच्या साहेबांनी एका लग्नात कपाट उघडून पाहिलं, तर आत दाटीवाटीने बंदुका.

"ग्रांट बंदूकें घटाने को दी थी या बढ़ाने को?" त्यांनी बाबांना झापलं.

पुढच्या वर्षीचं अनुदान बंद. मला साहेबांचा भयंकर राग आला. गोळी उडत नाही, हे त्यांना दिसलंच नाही.

नेमकं त्यानंतर ताईचं लग्न निघालं. वऱ्हाड ग्वाल्हेरचं. नवऱ्या मुलाचे मामा खांद्याला दुनळी बंदूक लावूनच उतरले. आईच्या तोंडचं पाणी पळालं. अडवलं तर वरपक्ष रुसणार, नाही अडवलं तर ताईच्या डोक्यावरून गोळ्या उडणार. कपाटापाशी काकू उभ्या होत्या, शेजारी बाबा.

"बंदूक इथे ठेवा," त्या म्हणाल्या.

"आणि शाल? आम्ही तर ऐकलं होतं, इथे बंदूकवाल्याची मोठी खातिर होते."

"सरकारी शाली संपल्या. ही घ्या."

काकूंनी स्वतःच्या अंगावरची शाल डाव्या हाताने ओढून काढली आणि मामांच्या खांद्यावर टाकायला गेल्या. एका हाताने ती नीट पडेना. घसरून खाली आली. मामांचं लक्ष त्यांच्या लोंबणाऱ्या हाताकडे गेलं.

"हे काय झालं, वहिनी?"

"गॅलरीत उभी होते. वरात बघत."

मामांनी वाकून शाल उचलली. ती काकूंच्या खांद्यावर नीट पांघरायची तर दोन्ही हात लागणार होते. त्यांनी बंदूक बाबांच्या हातात दिली.