वांदर हाकलायचा पेन ड्राइव्ह

बायकोच्या पाठीत सुई घालायची होती, त्या दिवशी मी देवीच्या भजनांचा समजून वांदर हाकलायचा पेन ड्राइव्ह दवाखान्यात घेऊन गेलो. ही चूक कोणावर ढकलता येण्यासारखी नाही. दोन्ही निळे, दोन्ही एकाच खणात, आणि तिथे ठेवलेही मीच. चष्मा होता, पण कपाळावर.

रत्नागिरीजवळ पावसला आमची हापूसची कलमं आहेत. फळ धरलं की वांदरांची टोळी उतरते. खाते थोडं, नासवते फार. म्हणून मागच्या हंगामात एका सकाळी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभं राहून मी घसा बसेपर्यंत ओरडलो, पत्र्याचा डबा बडवला, कुत्र्याला चिथवून भुंकायला लावलं आणि ते सगळं मोबाईलवर घेतलं. बाजारातल्या मोबाईलवाल्याने ते पेन ड्राइव्हवर भरून दिलं. वरच्या कातळावरच्या बागेत ते भोंग्यावर दिवसभर वाजायचं. घरापर्यंत माझं ओरडणं ऐकू यायचं, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा ओरडणं. मधे यंत्र दम खात असेल, असं मी धरून चाललो. राखणीचा नेपाळी गडी मात्र कुरकुरायचा, "सेठ, बंदर भागता है, फिर आके आराम से बैठता है." मी त्यालाच आळशी ठरवून मोकळा झालो.

यंदा गणपती झाल्यावर हिला धाप लागायला लागली. आधी विहिरीवरून येताना, मग स्वयंपाकघरातून पडवीत येताना. रत्नागिरीला फोटो काढला तेव्हा कळलं, उजव्या फुप्फुसाबाहेर पाणी साचलंय आणि ते पाठीतून सुई घालून काढावं लागणार. जागा बधिर करतात, पण माणूस जागा असतो आणि त्याने जराही हलायचं नसतं. पहिल्या दिवशी बधिर करायची सुई टोचली मात्र, ही अशी दचकली की डॉक्टरीणबाईंनी हात मागे घेतला. पुन्हा बसवलं, पुन्हा तेच. "काकी, सुई आत असताना हललात तर फुप्फुसाला लागेल हो," त्या म्हणाल्या. हिला ते कळत होतं, म्हणूनच तर भीती वाढत होती. आडवं झालं की श्वास कोंडायचा, त्यामुळे ती उशीला टेकून बसूनच होती. बाहेर बोलावून बाईंनी मला सांगितलं, "उद्या एकदा बघू, नाहीतर कोल्हापूरला न्यावं लागेल. काकींना कुठली गाणी आवडतात? ती घेऊन या. कान गुंतले की अंग सैल पडतं."

मी आमच्या भजन मंडळात तीस वर्षं झांज वाजवतो. तेव्हा बायकोला काय आवडतं याबद्दल मला शंका नव्हती. तिला आमचं मंडळ आवडतं. तिला विचारावं असं मनातसुद्धा आलं नाही.

सकाळी मंडळाच्या भजनांचा पेन ड्राइव्ह आणायला घरी गेलो, तेव्हा आधी देवळात शिरलो. खरं सांगतो, भक्तीने नाही, रागाने शिरलो. ग्रामदेवीपुढे उभं राहून तिला सुनावलं, की इतकी वर्षं तुझ्यापुढे झांज बडवली, आणि तू हिचा श्वास अडवून धरलास? मग घाबरलो आणि जोडनारळाचा नवस बोललो. मग तेही अपुरं वाटलं. शेवटी बोलायचे शब्द संपले तेव्हा नुसतं म्हटलं, "आई, मला काही कळत नाही. तूच बघ." आणि तिच्यावर सोडून बाहेर पडलो न पडलो, तोच घरी जाऊन माझंच डोकं चालवलं आणि तो खण उघडला.

दवाखान्यात हिला खाटेच्या कडेला बसवलं, पुढच्या टेबलावर उशी, उशीवर कपाळ. सिस्टरने छोटा स्पीकर आणला होता. मी मोठ्या ऐटीत पेन ड्राइव्ह घालून बटण दाबलं आणि समोर येऊन हिचे दोन्ही हात धरले. "काका, काही झालं तरी हात सोडायचे नाहीत," बाई म्हणाल्या. मी मान डोलावली, आणि स्पीकरमधून माझाच आवाज कडाडला, "हाऽऽड! हाऽऽड! चल निघ मेल्या!" मागोमाग डबा, मग कुत्रा.

"काका, हे कसलं हो भजन?" सिस्टर म्हणाली. बाई आणि ती, दोघींच्या हातांत निर्जंतुक मोजे; त्यांना बटणाला हात लावता येईना. मी निघू पाहिलं तर हिने माझी बोटं अशी आवळली होती की सुटेनात. इतकी गार बोटं मी कधी धरली नव्हती. स्पीकरमध्ये मी ओरडत होतो आणि प्रत्यक्षात तोंड मिटून उभा होतो. आयुष्यात मला इतकी लाज वाटली नाही, आणि इतकं असहायही वाटलं नाही. बाई सुई हातात घेऊन थांबल्या होत्या. देवीने माझं ऐकलं नाही, मला एवढंच वाटलं.

मग ओरडणं संपलं. थोडी खरखर झाली. कोणीतरी खराट्याने खळं झाडत होतं. तांब्यातून तुळशीत पाणी पडलं. आणि एक बाई अगदी हळू, स्वतःशीच गायला लागली:

"दिवस उजाडला गं आई, तुझं अंगण झाडते
माझ्या मनातला केर तुझ्या पायाशी सोडते"

त्या सकाळी ओरडून झाल्यावर मी चहा प्यायला आत गेलो होतो आणि मोबाईल पडवीच्या कठड्यावर तसाच चालू राहिला होता, हे माझ्या आत्ता ध्यानात आलं. पण आवाज कोणाचा, ते मला क्षणभर ओळखता आलं नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली. सकाळी खळ्यात ती काही गुणगुणते हे मला ठाऊक होतं, पण खराट्याचा आवाज जसा ठाऊक असतो तसं.

तिने मात्र ओळखलं. उशीवरचं कपाळ तसंच राहिलं, पण ओठ हलायला लागले. गाण्याच्या चालीने श्वास येऊ-जाऊ लागला. माझ्या बोटांवरची पकड हळूहळू ढिली झाली. बाईंनी सिस्टरला डोळ्यांनीच खूण केली, आधी बधिर करायची सुई टोचली आणि मग मोठी सुई घातली. दुखलं नाही असं मी म्हणणार नाही. एकदा ती "आई गं" म्हणाली, पण ते गाण्यातलंच वाटावं असं, आणि खांदा तसूभर हलला नाही. नळीतून पिवळसर पाणी बाटलीत उतरत राहिलं. खळं झाडून होईपर्यंत बाटली बरीच भरली होती. माझे डोळे वाहत होते, आणि दोन्ही हात गुंतलेले असल्याने ते पुसायची सोय नव्हती.

योगायोग म्हणा, मी वाद घालणार नाही. मी निवडलेलं आणलं असतं तर तिच्या कानाशी माझी झांज वाजली असती. माझं शहाणपण संपलं, हात अडकले, तेव्हा जे व्हायचं ते झालं. 'तूच बघ' म्हणायला मला येतं. म्हटल्यावर बाजूला व्हायला येत नाही. देवीने त्या दिवशी मला धरून बाजूला केलं. जोडनारळ वाहिला, गोळ्या चालू आहेत, ती आता आडवी होऊन झोपते. सकाळी मी पडवीत गप्प बसून ऐकतो.

दवाखान्यातून घरी आल्यावर मी तिला सगळं कबूल केलं. चालू राहिलेला मोबाईल, बागेतला भोंगा, नेपाळ्याची तक्रार. ती खळ्याकडे बघत शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली,

"तरीच! तुम्ही ओरडलात की पळायचे नि मी गायले की परत येऊन बसायचे. वांदरांना कळलं हो, तुम्हाला एकतीस वर्षं लागली."