दूधगंगेकाठचा निळा ठिपका

मी बेळगावात एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. भुताखेताचं कुणी सांगायला लागलं की मला हसू यायचं. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच संकोच वाटतोय... पण घडलं ते असं.

माझे वडील, आप्पा, सदलग्यात माझ्या थोरल्या भावाकडे, अण्णाकडे राहतात. दोन वर्षांपासून त्यांचं विसरणं वाढत गेलं. फोन उचलायचा कसा तेही आठवेना, म्हणून त्यांचा स्मार्टफोन अण्णानं मला दिला. त्यावर मी एक वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून बघायचं ठरवलं — प्रायव्हसीसाठी बनवलेली, आपली माहिती कुठल्याच कंपनीला न देणारी. ती टाकताना फोनमधलं जुनं सगळं पुसलं जातं. फोटो, नंबर, अकाउंट... काही उरलं नाही. सिमकार्डही नव्हतं. इंटरनेटशिवाय चालणारा एक नकाशा तेवढा घेतला आणि लोकेशन बंद ठेवलं.

रविवार होता. सकाळचे साडेअकरा. फोन ओट्याजवळ चार्जिंगला, मी भाकरी थापत होते. स्क्रीन आपोआप उजळली. नकाशा लोकेशनची परवानगी मागत होता. मी तो उघडलाच नव्हता! पिठाच्या बोटानंच 'नको' दाबलं. दोन मिनिटांनी परत तेच. परत 'नको'. या सिस्टीममध्ये दोनदा नाकारलं की ते ॲप पुन्हा विचारू शकत नाही. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं.

तेवढ्यात माझ्या रोजच्या फोनवर अण्णाचा कॉल आला. आप्पा आठ वाजल्यापासून घरात नव्हते. बाजार, देऊळ, स्टँड, सगळीकडे शोधून झालं होतं. 

का ते सांगता येणार नाही, पण आप्पांच्या फोनवर मी 'हो' दाबलं.

लोकेशन बंद असूनही नकाशावर निळा ठिपका उमटला. उमटलाच तर तो बेळगावात टिळकवाडीत, माझ्या घरावर दिसायला हवा होता. तो दिसला सदलग्याबाहेर, दूधगंगेच्या काठाला. आणि तो हलत होता... म्हातारं माणूस चालतं तेवढ्याच गतीनं, पाण्याच्या दिशेनं.

"अण्णा, नदीकडं जा. जुन्या पंपाच्या खोलीखाली."

"तुला कसं कळलं?"

"तू आधी जा रं."

त्यानं गाडीला किक मारलेली ऐकू आली. कॉल मी चालूच ठेवला. ठिपका नदीच्या रेषेला टेकला, आत सरकला. घरात मी एकटीच, आणि त्या स्क्रीनकडे बघत म्हणाले, "आप्पा, थांबा. पुढं जाऊ नका."

ठिपका थांबला.

दहा मिनिटं मी पापणी लवू दिली नाही. तव्यावरची भाकरी जळून घरभर धूर झाला, तरी जागची हलले नाही. मग अण्णा धापा टाकत बोलला, "गावले."

आप्पा गुडघाभर पाण्यात उभे होते. तिथून दोन पावलांवर डोह आहे. असे का उभे राहिलाय, असं अण्णानं विचारलं. आप्पांचं उत्तर मी कॉलवर माझ्या कानांनी ऐकलं —

"सुमी थांबा म्हणाली. म्हणून थांबलोय."

सुमी म्हणजे मी. ऐंशी किलोमीटर लांब, आणि अण्णा अजून वाटेतच असताना बोललेली.

कुठल्या ॲपनं लोकेशन कधी वापरलं याची नोंद ही सिस्टीम ठेवते. त्या दिवसाची नोंद कोरी आहे. या विषयातल्या एका मित्राला फोन दाखवला. जीपीएसची चूक असेल, म्हणाला. चूक असेलही. पण चुकीला आप्पा नेमके कुठं आहेत ते कसं ठाऊक?

त्याच दिवशी दुपारच्या बसनं मी सदलग्याला गेले होते. आप्पा घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते, धुतलेल्या कपड्यांत, शांत. नदीचं त्यांना काही आठवत नव्हतं. मी पायाशी बसले, हात हातात घेतला. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कुणाची गं तू?"

मग सकाळी त्या पाण्यात त्यांनी माझा आवाज कसा ओळखला... मला अजून कळलेलं नाही.