बाकावरून दिसणारे मासे

रविवारी सकाळी तळ्यावर गळ टाकायचा, हा शिंपीदादांचा आणि त्यांच्या मेहुण्याचा तीस वर्षांचा शिरस्ता. मासे शोधत दोघे तळ्याला अख्खा वळसा घालायचे. या वर्षी मात्र मेहुण्याच्या गुडघ्यांनी संप पुकारला.

"भाऊजी, आता तुम्हीच जा. मी फाटकाजवळच्या बाकापलीकडे येत नाही, आणि बाकाजवळ मासा फिरकत नाही."

दोन रविवार एकट्याने काढल्यावर दादांना कळून चुकलं, की आपल्याला माशांपेक्षा मेहुण्याची बडबड जास्त लागते. पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र मिळतं, असं त्यांच्या कानावर आलं होतं. बाकावरूनच मासे सापडले तर हा गडी येईल, म्हणून ते दुकानात निघाले.

"पाण्यात म्हैस आणि वर मोल करायला चाललात," बायको म्हणाली. "निदान चष्मा तरी न्या."

विक्रेत्याने सर्वांत मोठं यंत्र पुढे केलं. "काका, रंगीत पडदा. तळाचा नकाशासुद्धा."

"बसवायचं कुठे?"

"बोटीच्या बुडाला."

"आमच्याकडे बोट नाही. बाक आहे."

तरी रंगांची भूल पडलीच. पण दादांनी जन्मात कधी दिव्याखाली कापड पारखलं नव्हतं. रंग बघायचा तो दारात, उन्हात. त्यांनी यंत्र उचललं आणि सरळ पायरीवर नेलं. विक्रेता मागोमाग धावला. उन्हात पडद्याचा आरसा झाला होता.

"यात एकच मासा दिसतोय," दादा म्हणाले, "आणि त्याला मिशा आहेत."

अशी चार यंत्रं दारात नापास झाली. पाचवं अगदी साधं होतं: दोऱ्याला बांधून पाण्यात फेकायचा लाल चेंडू आणि तो खालची खबर पाठवतो ती हातातली डबी. डबीचा पडदा करडा, पण उन्हात आकडा न् आकडा स्वच्छ. दादांनी तेच घेतलं.

रविवारी मेहुणा आला, पण "नुसता बघायला" म्हणून, हात हलवत. दादांनी बाकासमोर चेंडू फेकला. खाली नुसतं शेवाळ. डावीकडे फेकला, तिथंही शुकशुकाट. दादांचा चेहरा उतरला. उजवीकडे लांब फेकल्यावर डबी वाजली. चार मीटर खोल तीन मासे.

"बाकावरून गळ तिथवर पोचायचा नाही," दादा हळूच म्हणाले. "चाळीसेक पावलं जावं लागेल."

"वळसा नाही ना? चाळीसच?"

"चाळीसच."

मेहुण्याने दादांचा खांदा धरला आणि मोठ्याने मोजत निघाला. दोनदा टेकला. एकेचाळीस झाली तेव्हा कुरकुरला. मग दादांच्याच गळाच्या काठीचा ताबा घेऊन बसला.

तासभर एकाही माशाने तोंड लावलं नाही.

"यंत्र थापा मारतंय," मेहुणा म्हणाला.

"मासे आहेत रे. त्यांना भूक नाही."

मेहुण्याने काठावर पुढे नजर टाकली, गुडघा चोळला आणि डबी मांडीवर ओढून घेतली.

"भाऊजी, तो चेंडू जरा आणखी पलीकडे टाका बघू."