म्हशीमार्फत बोलणारे मामाजी

माझं शिक्षण खाऱ्या पाण्यातलं आणि नोकरी गोड्या पाण्यात. नव्वदच्या दशकात मत्स्य खात्यात लागले, तेव्हा पहिली नेमणूक गडचिरोलीला मिळाली. समुद्र म्हणाल तर दोन दिवसांच्या प्रवासावर. मी कोकणातली. भरतीचं पाणी आत शिरतं त्या खाजणात, गुडघाभर चिखलात उभी राहून वडिलांबरोबर गळ टाकून मासे गरवायला शिकलेली. पुढे अभ्यासही त्याच माशांचा केला, खाडीतल्या बोयांचा आणि तांबोशांचा. आणि सरकारनं मला पाठवलं कुठे, तर रोहू-कटल्याची पिल्लं मोजायला!

रागारागानं आले आणि इथेच लग्न करून बसले. नवरा कॉलेजात शिकवायचा. त्याचं गाव कुरखेड्याच्या बाजूला, घर धानाच्या शेतीचं, आणि घराच्या मागे तलाव. खरं सांगायचं तर नवरा मी आधी पसंत केला होता, पण होकार दिला तो तलाव बघून. हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मी सासूबाईंना म्हणाले, "जरा गरवायला जाऊन येते." त्यांना वाटलं, कोकणात शौचाला असं म्हणत असतील. पाण्याचा लोटा भरून दिला. मी कोपऱ्यातली बांबूची काठी उचलली, तेव्हा कुठे उलगडा झाला.

"गळ टाकाले चालली का वो? मासे पकडाची तुले तं सरकार पगार देते. मंग सुट्टीच्या दिवशी फुकट काऊन?"

ती काठी मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची होती. धान कापून झालं की त्यांचा सगळा जीव त्या गळात. पण त्या घरात सून सासऱ्यासमोर बसत नसे, डोक्यावरचा पदर ढळू देत नसे आणि दोघं एकमेकांशी थेट बोलत नसत. काही सांगायचं असेल तर मध्ये सासूबाई लागायच्या. आता तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, मध्ये घालायला सासूबाई कुठून आणणार?

मामाजींनी तोड काढली. ते दुसरी काठी घेऊन मागोमाग आले, म्हशीला पाण्यात सोडून पाळीच्या एका टोकाला बसले, मी मोहाच्या झाडाच्या अलीकडे. थोड्या वेळानं आवाज आला, "म्हशे, सांगजो तिले, गांडूळ असं गुंडाळून नाई लावत. शेपटी हलू दे मनावं."

म्हैस डोळे मिटून डुंबत होती. मी शेपटी मोकळी केली आणि म्हशीलाच म्हणाले, "सांग त्यांना, आमच्या खाजणात कोलंबी लावतात, गांडूळ नाही."

"खाजन का असते, इचार तिले."

मग मी म्हशीला खाजण समजावून सांगितलं. दिवसातून दोनदा येणारी भरती, पाणी ओसरल्यावर चिखलावर चालणारे मासे, जिभेवर मीठ ठेवणारा वारा. मामाजी पूर्वी एकदा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सिरोंच्यापर्यंत गेले होते, त्यापलीकडे नाही. पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं, हे त्यांना काही केल्या पटेना. "म्हशे, हे बाई फेकून राह्यली," असा त्यांनी निकाल दिला.

असे आमचे रविवार सुरू झाले. गावाला तमाशा होता. पाळीवरून जाणारा हमखास थांबायचा आणि म्हशीला नमस्कार करायचा. माझी कामाची खोडही मी सोडली नाही. मासा हाती आला की आधी पट्टीवर ठेवून मोजायचा, घरी पोट चिरून त्यानं काय खाल्लंय ते बघायचं, मग भांड्यात. सासूबाई वैतागायच्या. "माशानं का खाल्लं ते पायत बसते. आपल्याले का खाचं हाय, त्याची फिकीर नाई."

मामाजींना मात्र ते आवडायला लागलं. मरळीच्या पोटात बेडूक निघाला की म्हशीकडे निरोप यायचा, "तिले सांग, बेडूक मी आंधीच मनलो होतो." मी त्यांच्यावर चिडायचे, त्यांच्यावर हसायचे, आणि मला ते फार आवडायचे. वडिलांनंतर मला कुणाशेजारी तासन् तास गप्प बसता आलं असेल, तर या माणसाशेजारी.

लग्नाला काही वर्षं झाल्यावर, लग्नाआधी मी कोकणासाठी केलेल्या अर्जांना कंटाळूनच बहुधा, बदलीचा हुकूम आला. खाऱ्या पाण्याच्या केंद्रात, वडिलांच्या घरापासून सायकलनं जाण्याइतकं जवळ. जे मला हवं होतं, तेच. नवरा म्हणाला, "तू म्हणशील तसं. मी तिकडे नोकरी बघतो." सासूबाईंनी बोलणंच बंद केलं. त्यांचं रागावणं मला सवयीचं होतं, हे गप्प राहणं नव्हतं. चहाचा कप समोर ठेवायच्या आणि वळायच्या.

मामाजींना कळलं होतं, पण त्यांनी विषय काढला नाही. पाळीवर बसले की म्हशीशी फक्त थंडीबद्दल बोलायचे. मला झोप लागेना. खाजण डोळ्यांपुढून हलत नव्हतं आणि इथून पाय निघत नव्हता. कुणीतरी एकदाचं काहीतरी म्हणावं, असं वाटत होतं.

हुकुमाचं उत्तर द्यायच्या आधीचा तो रविवार. पाण्यावर धुकं होतं. म्हैस व्यायला झाली होती म्हणून घरीच बांधलेली. शेवटी माझाच धीर सुटला. काठी मोहाजवळ रोवून उठले, पाळीवरून चालत त्यांच्याजवळ गेले आणि समोर उभी राहिले. डोक्यावर पदर होता की नव्हता, आठवत नाही.

"मामाजी, जाऊ का मी?"

ते दचकले. इकडेतिकडे बघितलं. मध्ये घालायला कुणी नव्हतं. मान खाली घालून गळ्यातल्या दुपट्ट्याचं टोक चाळवत राहिले. मग माझ्याकडे न बघता, पण मलाच म्हणाले, "मले नोको इचारू, पोरी. जा मनीन तं खोटं बोलल्यासारखं होईन. राय मनीन तं पाप लागन."

मी हट्टी आहे. त्यांनी 'राहा' म्हटलं असतं, तर आमच्या आयुष्याचे निर्णय घेणारे हे कोण, म्हणून त्याच आठवड्यात सामान बांधलं असतं. 'जा' म्हटलं असतं तर रुसून गेले असते. पण या माणसानं मला खोटंही सांगितलं नाही आणि बांधूनही ठेवलं नाही. आता हे शेजारपण सोडून मी कुठे जाणार होते? खाडी माझी होती, आजही आहे. पण त्या क्षणी मला कळलं, आपल्याला इथेच बसायचंय.

"मग राहते," मी म्हणाले.

मामाजींनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं, नाक पुसलं, परत तोंड पुसलं. आणि एकदम मोहाकडे हात करून ओरडले, "मंग पाहून का राह्यली वो! थो मासा कवाचा लागून राह्यला, वढ ना!"

मी धावले. पाळीवरून घसरून चिखलात बसले आणि काठी हाती येईपर्यंत मासा गांडूळ खाऊन पसार. घर येईपर्यंत मामाजी मला बोलत होते. आपल्या सुनेला एवढं शिकून माशाची वेळ कळत नाही, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

सासूबाई दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता त्यांनी मामाजींना विचारलं, "का भेटलं?"

"काईच नाई," मामाजी म्हणाले. "राह्यते मनते."

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. माझ्याकडे वर मान करून बघितलं. आणि मग सारवलेल्या अंगणात चिखलाचे पाय घेऊन आल्याबद्दल त्यांनी मला इतक्या दिवसांनी असं काही झापलं, की मी तिथेच उभी राहून रडायला लागले.